चहाला येत नाही म्हणून तो आपला नाही?

पत्राचा सारांश
(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये क्वालिटी विभागाचे प्रमुख आहेत. वय सेहेचाळीस, हाताखाली सहा जण, कारखान्यात सगळी मिळून सत्तरएक माणसं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या विभागात डिप्लोमा झालेला चोवीस वर्षांचा एक मुलगा लागला. खानापूर तालुक्यातून रोज बसने ये-जा करतो. रुजू होताना त्याने साहेबांना एकट्याला गाठून सांगितलं की त्याला ऑटिझम आहे, आणि दोन गोष्टी मागितल्या: काम लिहून मिळावं, आणि बसायची जागा अचानक बदलू नये. दोन्ही मिळाल्या. त्याचं काम चोख. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल तेव्हापासून कमी झाला आहे.

पण तो मिसळत नाही. गेटबाहेरच्या टपरीवर चहाला येत नाही, डबा स्टोअरच्या मागे एकटा खातो, पावसाळ्यात आंबोलीच्या सहलीला आला नाही, खंडेनवमीला प्रसाद घेऊन लगेच निघून गेला. ऑपरेटर त्याला 'शिष्ट' म्हणतात, काही जण 'खुळा'. साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना त्याच्या ऑटिझमबद्दल सांगून "जरा सांभाळून घ्या" अशी विनंती केली. त्याला रोज चहाला घेऊन जायला एक सहकारी नेमला. वाढदिवसाला केक आणून त्याला चार शब्द बोलायला उभं केलं. त्यानंतर मुलाच्या रजा वाढल्या, काम मंदावलं, आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याने कायमची रात्रपाळी मागणारा अर्ज दिला. साहेब "बघू" म्हणाले. मालकांचं मत, "जमत नसेल तर जाऊ दे." साहेब विचारतात: "एवढं करूनही त्याला हा कारखाना आपला का वाटत नाही? रात्रपाळी देऊन त्याला आणखी एकटं पाडू का?"

उत्तर

नमस्कार,

तुम्ही त्याच्यासाठी काय काय केलंत हे तुमच्या पत्रात सविस्तर आहे. तो स्वतः काय म्हणाला, हे मात्र दोनच ठिकाणी सापडलं. रुजू होताना त्याने दोन गोष्टी मागितल्या, आणि पंधरा दिवसांपूर्वी रात्रपाळी मागितली. मधल्या दीड वर्षात तो गप्प आहे आणि त्याच्या वतीने तुम्ही बोलताय. तो एकटा आहे, त्याला वाईट वाटतं, त्याला आपल्यात यायचं आहे पण जमत नाही, हे सगळं तुमच्या अक्षरात आहे. खरंही असेल. पण हे तुम्ही त्याला विचारलेलं दिसत नाही.

त्याने जे मागितलं ते किती नेमकं होतं पाहा. लेखी काम आणि ठरलेली जागा. ते दिलंत तेव्हा तुमच्या कारखान्यातला परत येणारा माल कमी झाला. त्याने न मागितलेल्या तीन गोष्टी दिल्यात आणि तो रजेवर जाऊ लागला. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती ही वाटते, आणि ती तुम्हीच लिहिली आहे.

आधी त्या मीटिंगबद्दल. पत्रात ती एका वाक्यात येऊन जाते. मला तिथेच थांबावं लागलं.

त्याने ती गोष्ट तुम्हाला एकट्याला सांगितली होती. तुम्ही ती सत्तर जणांना सांगितली, तीही तो तिथे उभा असताना. तुम्हाला वाटलं, लोकांना कारण कळलं की ते त्याला नावं ठेवणार नाहीत. पण बेळगावातल्या कारखान्यात सकाळी आठला सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या खानापूरच्या बसमध्ये पोहोचलेली असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या सत्तर जणांपैकी काही त्याच भागातले असणार. तिथून ती गावात जाते, पाहुण्यांत जाते. चोवीस वर्षांचा मुलगा आहे, आज ना उद्या घरात स्थळं बघायचा विषय निघेल, त्याचा किंवा बहीण असेल तर तिचा. ऑटिझम हा शब्द आपल्याकडे अजून 'डोक्याचं काहीतरी' एवढ्याच अर्थाने ऐकला जातो. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं आणि किती सांगायचं, हे ठरवायचा हक्क त्याच्याकडे होता. तो त्या सकाळी गेला. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. आता जे हातात आहे तेवढं करा.

त्याला एकट्याला भेटा. केबिनमध्ये बोलावून दार लावू नका. बाहेरचे काचेतून बघत राहतात. सुटीच्या वेळी गेज रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, पाच मिनिटं पुरतील. "तुला न विचारता मी सगळ्यांना सांगितलं. ते चुकलं. यापुढे तुझ्याबद्दल कुणाशीही बोलायचं असेल तर आधी तुला विचारीन." इतकंच. माझा हेतू वाईट नव्हता, तुझ्या भल्यासाठीच केलं, मला झोप लागत नाही, हे काही सांगू नका. ते सांगितलं की तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर येतं. आणि "चूक दुरुस्त करायला" पुन्हा मीटिंग तर मुळीच नको. पुढे कुणी तुमच्याकडे त्याचा विषय काढला तर "तो त्याचा खाजगी विषय आहे, मी बोलायला नको होतं" म्हणून तिथेच थांबवा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही धरून चालला आहात की कारखाना आपला वाटतो म्हणजे माणूस टपरीवर येतो, सहलीला येतो, वाढदिवसाला बोलतो. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. आपल्याकडे कानडीतलं "ऊटा आतेन्री?" आणि मराठीतलं "जेवलास काय?" या दोन प्रश्नांवर अर्ध्या शहराचे संबंध उभे आहेत. पण ज्यांच्या मेंदूची घडणच बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, मग तो ऑटिझम असो, एडीएचडी असो की डिस्लेक्सिया, त्यांच्यातल्या अनेकांसाठी ही मोजपट्टी चालत नाही.

तुमच्या टपरीवर दहा मिनिटांत काय होतं ते आठवा. पाच-सहा जण एकाच वेळी बोलतात. काम कानडीत, टिंगल मराठीत, मोबाईलवरचा व्हिडिओ हिंदीत. मागे टेम्पोचा हॉर्न, स्टोव्हचा आवाज. कोण गंमत करतंय आणि कोण मनापासून बोलतंय हे चेहऱ्यावरून ताडायचं, आणि आपली पाळी कधी ते कुणी सांगत नाही. आपल्याला यात काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून ती विश्रांती. त्याला कदाचित यातलं एकेक पाऊल मोजून टाकावं लागत असेल. अनेक ऑटिस्टिक माणसं चारचौघांसारखं दिसण्यासाठी डोळ्याला डोळा भिडवणं, योग्य ठिकाणी हसणं, हात स्थिर ठेवणं हे ठरवून करत राहतात. त्याला मास्किंग म्हणतात, आणि दिवसभर केलं की माणूस पिळून निघतो. तुम्ही नेमलेला सहकारी त्याला रोज विश्रांतीच्या वेळी कामाला जुंपत होता, असं क्षणभर धरून बघा. मग रजा का वाढल्या, याचा वेगळा अर्थ लागतो.

यावर एक शंका हमखास येते: दिवसभर मशिनच्या आवाजात काम करणाऱ्याला टपरीच्या आवाजाचा काय त्रास? सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचा आवाज एका सुरात असतो, पुढे काय येणार हे ठाऊक असतं. माणसांच्या आवाजाचं तसं नसतं. शिवाय तो बराच वेळ असतो गेज रूममध्ये, म्हणजे २० अंशांवर ठेवलेल्या, धूळ आणि घाई दोन्हींना मज्जाव असलेल्या खोलीत. त्याने ही नोकरी नीट विचार करून निवडलेली दिसते. अर्थात सगळ्या ऑटिस्टिक माणसांना आवाजाचा त्रास होतो असं नाही. काहींना उलट गोंगाट आवडतो. तुमच्याकडच्या मुलाला नेमकं काय होतं ते त्यालाच ठाऊक.

आणि याचा अर्थ त्याला माणसंच नकोत, असाही लावू नका. ही दुसरी चूक तितकीच सोपी आहे. एकटं जेवणाऱ्या अनेक ऑटिस्टिक माणसांना सोबत हवी असते, पण एकाची, एखाद्या विषयापुरती, आणि केव्हाही उठून जाता येईल अशी. "सगळे चाललेत, चल" या बोलावण्यात त्याला काहीच माहिती मिळत नाही. "शनिवारी सुटल्यावर मी आणि अमुक अर्धा तास कँटीनमध्ये बसणार आहोत, यायचं असेल तर ये, मध्येच उठलास तरी चालेल" यात कोण, कुठे, किती वेळ हे सगळं आहे, आणि नाही म्हणायची वाटही. एकदा सांगा. नाही म्हणाला तर चार आठवड्यांनी पुन्हा एकदा. रोज नको.

खंडेनवमीचं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. तो आला होता हो! धूप, घंटा, कोहळा फुटतोय, स्पीकर लावलाय, सत्तर माणसं एका शेडमध्ये. त्यात तो प्रसाद घेईपर्यंत थांबला. आपण त्याचं जाणं मोजलं.

तीस सेकंदांत माणसाबद्दल मत बनवायची सवय आपल्या सगळ्यांना असते, आणि तिचा फटका कुणाला बसतो हे अभ्यासून झालंय. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना अनोळखी माणसांचं अगदी थोडं बोलणं दाखवलं. ऑटिस्टिक माणसांचा व्हिडिओ पाहून किंवा आवाज ऐकून मतं लगेच प्रतिकूल झाली. याच्याशी बोलायला, याच्या शेजारी बसायला नको, अशी. मात्र तेच बोलणं नुसतं लिहिलेलं वाचायला दिलं तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे लोकांना खटकलं ते बोलण्याचा सूर, नजर, हातवारे. काय बोललं गेलं, त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या मुलाला लिहून कळवायची मुभा का हवी, याचं उत्तर यात आहे. लेखी काम त्याला जसं बरं पडतं, तसं त्याचं लेखी म्हणणं तुमच्या लोकांनाही बरं पडेल.

ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो. त्याला आपण कळत नाही तसा आपल्यालाही तो कळत नाही, पण दोष मात्र एकट्याच्या खात्यावर पडतो. बेळगावच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. खानापूरचा मराठी मुलगा गोकाकच्या ऑफिसात लागला आणि पहिले सहा महिने गप्प बसला, तर त्याच्या जिभेत बिघाड आहे असं कुणी म्हणत नाही. तिथे भाषा वेगळी आहे म्हणतात, आणि दोघंही थोडी थोडी शिकतात.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तुमच्या शॉपमधल्या सूचनांकडे बघा. ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझरची सूचना कानडीत, ती समजावून सांगणारा ऑपरेटर मराठीत, आणि शेवटी "जरा लवकर बघून घे". ज्याला ऐकलेलं गाळून घ्यायला आधीच कष्ट पडतात, त्याच्यासाठी या तीन भाषांच्या खिचडीत नेमकं काम हरवतं. त्याने पहिल्याच दिवशी लेखी मागितलं त्याचं निम्मं कारण हे असेल. तुमच्याकडून लेखी येतंय, पण डिस्पॅचवाले, प्लॅनिंगवाले त्याच्याकडे थेट येऊन तोंडीच सांगतात का? हे तपासा. शॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'शुभ सकाळ'चे फुलं-पक्षी आणि पाळीबदलाची सूचना एकाच रांगेत येतात का, तेही. कामाच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढा, ज्यात दुसरं काही येणार नाही. 'लवकर'ऐवजी 'दुपारी तीनपर्यंत' लिहा. पाळी किंवा काम बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. हे सगळ्यांसाठी करा, त्याच्या एकट्यासाठी नको. आयटीआयमधून आलेल्या अॅप्रेंटिस पोरांना आणि फेटलिंगवर, म्हणजे ओतीव माल घासण्याच्या कामावर, उमेदवारी करून कानाने मंद झालेल्या जुन्या माणसांनाही याचा उपयोग होईल, आणि "त्यालाच का सवलत?" हा प्रश्नच उभा राहणार नाही.

आता मला खटकलेली आणखी एक गोष्ट. ऑपरेटर त्याच्यावर नाराज आहेत, असं तुम्ही लिहिता. कशामुळे? ऑटिझममुळे की नापास पीसवर तो लावतो त्या लाल टॅगमुळे?

क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शनला कधीच लाडका नसतो. बोअर, म्हणजे पीसमधल्या भोकाचं माप, दोन मायक्रॉनने बाहेर गेलं की पीस रिजेक्ट, आणि तो कुणाच्या तरी पाळीच्या नावावर चढतो. तुमचे जुने इन्स्पेक्टर काय करतात? हातात चहा घेऊन जातात, "मामा, जरा एक लोचा झालाय, बघा की" म्हणतात, थोडी घासाघीस होते, कधी कधी पीस सुटतोही. हा मुलगा टॅग लावतो, रीडिंग लिहितो आणि पुढच्या पीसकडे वळतो. तो बरोबर असतो. पण टपरीवरची जी नाराजी तुम्ही त्याच्या न मिसळण्याच्या खात्यावर मांडलीत, तिच्यातली बरीच त्याच्या खुर्चीची आहे. तुम्ही त्या खुर्चीत असताना तुमच्यावरही होती, नाही का? आणि परत येणारा माल कमी झाला तो ज्या गुणामुळे, त्याच गुणाचा लोकांना राग आहे. तुम्ही एकीकडे तो गुण वापरता आणि दुसरीकडे त्याला लोकांत आवडता करायला बघता. दोन्ही त्याच्याच बळावर कसं होईल? मधे तुम्ही उभे राहायला हवं.

म्हणजे काय करायचं, तर रिजेक्शन कळवायची रीत ठरवून टाका. तो रीडिंगसह स्लिप भरेल, स्लिप लाइन इनचार्जकडे जाईल. ऑपरेटरला मान्य नसेल तर तोच पीस त्याच गेजवर ऑपरेटरच्या समोर पुन्हा मोजला जाईल, आणि तेव्हा तुम्ही किंवा तुमचा सीनियर हजर असेल. निर्णय विभागाचा म्हणून जाहीर होईल. त्याने शॉपमध्ये जाऊन वाद घालायचा नाही, आणि त्याच्या टेबलापाशी येऊन कुणी आवाज चढवायचा नाही. कुणी 'खुळा' म्हणालं तर त्याच दिवशी, त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा की हे चालणार नाही. कारण सांगायची गरज नाही. कुठल्याच माणसाला कामावर हाक मारायची ही रीत नव्हे, एवढं पुरे.

रोज चहाला नेणाऱ्या सहकाऱ्याला मोकळं करा. बिचारा तोही अवघडला असणार. मैत्री ड्यूटी म्हणून लावता येत नाही, आणि लावली की ज्याच्यासाठी लावली त्याला ते पहिल्यांदा कळतं. वाढदिवसाचा केकही पुढच्या वर्षी विचारल्याशिवाय नको.

रात्रपाळीबद्दल लगेच हो किंवा नाही म्हणू नका. त्याला रात्रीत काय दिसतंय ते कळायला हवं. माणसं कमी, फोन कमी, चहाचं बोलावणं नाही, मीटिंग नाही. यातल्या निम्म्या गोष्टी तुम्ही दिवसाही बंद करू शकता, आणि त्या बंद झाल्यावर त्याला रात्र नकोशी वाटू शकेल. दुसऱ्या बाजूने, त्याला खरोखरच रात्रीचं काम आवडत असेल तर तुमच्या "एकटं पाडू का?" या भीतीपायी ते नाकारणं बरोबर नाही. दोन गोष्टी मात्र त्याच्यापुढे स्पष्ट मांडा. ऑटिस्टिक माणसांपैकी अनेकांना झोपेचा त्रास आधीच असतो, कायमच्या रात्रपाळीने तो वाढू शकतो. आणि आपल्याकडे रात्रपाळीचा माणूस साहेबांच्या नजरेआड जातो. बढती, ट्रेनिंग, नवीन मशिनचा कोर्स हे सगळं दिवसाच्या माणसांत वाटलं जातं. ही दुसरी अडचण त्याची नाही, तुमची आहे, आणि ती तुम्हीच सोडवू शकता. महिनाभर करून बघू, नको वाटलं तर कारण न विचारता परत दिवसपाळी, अशी लेखी सोय द्या.

हे सगळं त्याला विचारणार कसं? समोर बसवून "काय प्रॉब्लेम आहे तुझा, मोकळेपणाने सांग" असं नको. इतक्या मोठ्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं हे माझ्यासारखीलाही कळत नाही. प्रश्न कागदावर लिहा, दोन दिवस आधी द्या, उत्तर लिहून दिलं तरी चालेल असं सांगा. काहीसे असे:

दिवसात कुठल्या वेळी काम करणं सगळ्यात जड जातं?
चहाला बोलावणं पूर्ण बंद करू, की कधीतरी विचारलेलं चालेल?
रात्रपाळीत असं काय मिळेल जे दिवसपाळीत मिळत नाही?
मी मीटिंगमध्ये सांगितलं, त्याबद्दल आता मी काही करावं असं तुला वाटतं का? काहीच नको असेल तर तेही लिही.
दोन वर्षांनी तुला कुठलं काम करायला आवडेल?

शेवटचा प्रश्न गाळू नका. कामात चोख आणि बोलण्यात कमी असलेल्या माणसाला आपण त्याच टेबलावर वर्षानुवर्षं बसवून ठेवतो, 'त्याला तेच आवडतं' म्हणून. कॅलिब्रेशनची जबाबदारी, सीएमएम या मोजमापाच्या यंत्राचा कोर्स, नव्या इन्स्पेक्टरसाठी तपासणीच्या लेखी सूचना तयार करणं, अशी कामं तुमच्या विभागात आहेतच. इथे माझ्यासाठी पुढे काहीतरी आहे, हे कळलं तर चहा न पिताही माणूस त्या जागेचा होतो. पगारवाढीचा विचार करताना 'टीममध्ये मिसळत नाही' हा शेरा त्याच्या आड आला असेल तर तोही काढा.

मालकांसाठी थोडं. "जमत नसेल तर जाऊ दे" म्हणण्याआधी त्यांनी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पाहावा. तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही, हे एडीएचडी असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. कायद्याला सरकारी आणि खाजगी दोन्ही आस्थापनांकडून समान संधी धोरण हवं आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी, प्रशिक्षण, बढती आणि हे सगळं पाहणारा अधिकारी कोण, हे लिहायचं आहे. तुम्ही सत्तर जण आहात. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या किती शॉपमध्ये हे धोरण कागदावर असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या यूपीएससीविरुद्धच्या प्रकरणात परीक्षेतल्या लेखनिकाची सोय ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसलेल्या दिव्यांग उमेदवारालाही द्यायला सांगितली, आणि अशी वाजवी सोय म्हणजे मेहेरबानी नव्हे हे बजावलं. मालकांना कायद्याची भाषा आवडत नसेल तर त्यांना विचारा, असा इन्स्पेक्टर पुन्हा तयार करायला किती महिने लागतील आणि तोवर किती माल परत येईल.

हे वाचणाऱ्यांत त्या मुलाच्या जागी बसलेलेही कुणी असतील. तुम्हाला निदानाचं नाव ऑफिसात सांगायचं नसेल तर नका सांगू. "तोंडी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, लिहून द्याल का?" किंवा "ट्यूबलाइट लुकलुकते त्याने माझं डोकं दुखतं, जागा बदलून मिळेल का?" एवढं म्हणूनही बऱ्याच गोष्टी मिळतात. नाव सांगायची वेळ आलीच, तर कुणाला आणि त्याने पुढे कुणाला सांगायचं नाही, हे त्याच मेलमध्ये लिहून ठेवा. आणि ज्यांना स्वतःबद्दल नुसती शंका आहे, त्यांनी इंटरनेटवरच्या चाचण्यांवर न थांबता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत चौकशी करावी. मन फारच थकलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. वरिष्ठांनी मात्र हाताखालच्या कुणालाही "तुला ऑटिझम तर नाही ना?" असं विचारू नये. लागणारी सोय निदानाशिवायही देता येते.

शेवटी, साहेब, एक शक्यता उरतेच. माफी मागितली, बोलावणी थांबवली, प्रश्न दिले, आणि तरी तो म्हणाला की मला दुसरीकडे जायचं आहे. मग त्याला थांबवण्यासाठी आणखी काही करू नका. अनुभवाचं पत्र त्याच्या कामाबद्दल लिहा: किती लॉट तपासले, कुठल्या मशिनवर, कुठल्या तक्रारी कमी झाल्या. त्यात 'स्वभावाने शांत' वगैरे नको, निदानाचा उल्लेख तर नकोच. दुसऱ्या शॉपमधून कुणी फोन करून विचारलं तरी कामाबद्दलच बोला.

तिथवर पोहोचायला अजून वेळ आहे. आधी अर्जाचं बघा. पंधरा दिवस तो तुमच्या "बघू"वर थांबला आहे, आणि ज्याने लेखी मागितलं होतं त्याला तुम्ही तोंडी उत्तर दिलंय. कागदावरचे प्रश्न कधी देणार, त्याचं उत्तर आल्यावर किती दिवसांत निर्णय कळवणार, या दोन तारखा लिहून या आठवड्यात त्याच्या हातात द्या.